गाळावरचं पाणी

नांदेड
१२ जानेवारी २०२५

ती. योगेश भियास,
निलमचा जय सेवालाल.

तू बरा असशील. आम्हीही बरे आहोत. पत्र बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. तुझा नंबर लागतो, वाजतो आणि बंद होतो, म्हणून हे लिहिते आहे. पत्ता आपल्या तांड्यातल्या हरिचंदने दिला. तो ट्रक घेऊन जालन्याला येतो तेव्हा तुझ्या वर्कशॉपवर चहा प्यायला थांबतो, हे त्याने मला सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, मीच फार मागे लागले होते.

घरचं सांगते. याडीचे गुडघे थंडीत धरतात, तरी आपली आई कुठली ऐकते, खाली बसूनच भाकरी थापते. तूर यंदा बरी आहे. म्हैस गाभण आहे. तुझ्या खोलीत आता सोयाबीनची पोती असतात, पण खिडकीजवळची खाट याडीने हलवू दिलेली नाही. बा बरे आहेत. हल्ली जरा कमी बोलतात.

आता कामाचं. मी नांदेडला प्रयोगशाळेत आहे हे तुला ठाऊक असेल. सुधा मॅडमच्या हाताखाली पीएचडी चालू आहे. पाण्यात डिझेल, ऑईल, डांबर यांचे अगदी बारीक अंश उरले असतील तर ते कसे मोजायचे, हा आमचा विषय. गेल्या महिन्यात मी घरी गेले तेव्हा धर्मसिंगकाका सांगत होते, या उन्हाळ्यात आपल्या तळ्यातला गाळ काढायचा ठरलाय. पोकलेन येणार, ज्याला हवा त्याने गाळ आपापल्या रानात न्यायचा. काका तर आत्तापासून बांध सरळ करून बसलेत. त्यांचं रान तुला माहीत आहे, वर वीतभर माती आणि खाली मुरूम.

मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण नाल्याच्या वर ज्या जागी रस्त्याच्या कंपनीचा डांबर प्लांट होता, ती जागा माझ्या डोळ्यासमोर आली. तिथे अजून गवत उगवत नाही.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या गावचं तळं आहे, म्हणून जास्त काळजी घे. काय सापडावं असं वाटतं ते आधीच मनातून काढून टाक, मगच पाण्यात उतर." मी हो म्हणाले.

भिया, एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मी तुझी बाजू लावून धरायला तळ्यावर जात नाहीये. त्या वेळी मी हिंगोलीला हॉस्टेलवर होते, बैठकीत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. मला फक्त एवढंच विचारायचं आहे. तू प्लांटवर कामाला होतास. टाक्या धुतलेलं पाणी आणि जळकं ऑईल ते ज्या पाइपने सोडत, तो नाल्यात नेमका कुठे निघायचा? तळं मोठं आहे, माझ्याकडे सामान थोडं आहे. चुकीच्या जागी टाकलं तर महिना वाया जाईल आणि पोकलेन काही थांबणार नाही.

उत्तर नाही दिलंस तरी मी माझ्या अंदाजाने करीन. पण दिलंस तर बरं होईल.

तुझी,
निलम


तांडा, गोरेगावजवळ, जि. हिंगोली
२ फेब्रुवारी २०२५

ती. योगेश भियास,
निलमचा जय सेवालाल.

हरिचंद निरोप घेऊन आला. "नाल्याच्या तोंडाशी, वाकड्या बाभळीच्या खाली, डाव्या अंगाला." एवढंच. पण त्याने तुझा शब्द न् शब्द तसाच सांगितला. मी त्याला विचारलं, अजून काही म्हणाला का? तो म्हणाला, "पत्र दोनदा वाचलं त्यानं, माझ्यासमोर." मला तेवढं पुरलं.

आम्ही तुझ्या जागेवरच काम सुरू केलं. होडी नाही म्हणून ट्रकच्या दोन ट्यूब बांधल्या, वर फळी टाकली आणि धर्मसिंगकाकांनी बांबूने तराफा आत नेला. आपणहून आले ते. "आपली पोरगी शिकून आली, तिचं काम करू न्हाई तर कोणाचं करू?" असं म्हणाले. मला तेव्हाच कसंनुसं झालं.

काय करतोय ते तुला समजेल असं सांगते. याडीच्या लोणच्याच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण कितीही घासलं तरी वास सोडत नाही ना? तेल पाण्यात राहायला नाखूश असतं, प्लास्टिकमध्ये मात्र मुरून बसतं. आम्ही तेच वापरतो. पॉलिथिनच्या पातळ पट्ट्या प्रयोगशाळेत धुऊन अगदी कोऱ्या करून आणायच्या आणि पाण्यात महिनाभर टांगून ठेवायच्या. बाटलीत भरलेल्या पाण्यात जे सापडत नाही ते पट्टीत हळूहळू साठत जातं. आम्ही बांबू गाळात रोवले आणि प्रत्येकावर तीन पट्ट्या बांधल्या. एक गाळाच्या अगदी वर, एक मध्ये, एक पाण्याच्या पृष्ठभागापाशी. काही बांबू तुझ्या बाभळीपाशी, काही तळ्याच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे म्हशी उतरतात.

तीन उंचीवर का, तर वरच्या पट्टीत जास्त भरलं तर घाण वरून येते आहे, रस्त्यावरून, धुरातून. खालच्या पट्टीत जास्त भरलं तर ती गाळातून वर येते आहे.

पाणी इतकं स्वच्छ होतं की काका हसले. "आरशावानी पाणी हाय. तू काय शोधून राहिली याच्यात?" मी पट्टी बांधत राहिले. मग बाभळीपाशी त्यांनी बांबू जोर लावून गाळात घातला, तसे खालून बुडबुडे आले. त्यांच्यासोबत पाण्यावर एक पातळ रंगीत साय पसरली आणि वास आला. उन्हात तापलेल्या गॅरेजचा येतो तसा. तुला तर तो रोजचाच. काकांनी पाण्यात हात बुडवला होता, तो त्यांनी बाहेर काढला, धोतराला पुसला, नाकाशी नेला. मग त्यांनी पुढचा बांबू उचलला.

बा तळ्याच्या काठाला येऊन बसले होते. काठी घेऊन आले, गुडघ्यामुळे. मी पाण्यातून परत आले तेव्हा त्यांनी बांबूंकडे बघून मान हलवली, बस. मी त्यांना पट्ट्यांचं सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं. तू म्हणशील, त्यांनी काहीच विचारलं नाही? नाही विचारलं.

त्या दिवशी जेवताना याडीने आपणहून विषय काढला. मी न लिहिण्याचं ठरवलं होतं, पण आता ते माझ्या कानावर आलंय आणि तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. याडी म्हणाली, प्लांटचा साहेब कागद घेऊन आला. बैठकीत तांड्यापुढे वाचून दाखवला की तळ्याचं पाणी तपासलंय, तेलाचा अंशसुद्धा नाही. बा तांड्याचे नाईक, त्यांनीच आपलं वरचं शेत प्लांटला दिलेलं, त्यांच्या शब्दावर तांड्याने होकार भरलेला, तांड्याला डांबरी रस्ता मिळणार म्हणून. आणि त्यांचाच पोरगा उभा राहून म्हणतोय की हे रात्रंदिवस ऑईल सोडतात, मी स्वतः व्हॉल्व्ह फिरवलाय. बांनी तुला साहेबाची माफी मागायला सांगितलं. तू नाही म्हणालास. मग ते म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला माझ्या घरात भाकर न्हाई."

याडी म्हणाली, "घरी मी वाढलेल्या ताटाकडं त्यानं बघितलं पण न्हाई. तसाच गेला." एवढं बोलून ती चुलीतली लाकडं मागे-पुढे करत राहिली. तांड्यात आपण गोरमाटीत बोलतो, पण तुझं ते व्हॉल्व्हचं वाक्य ती मराठीतच सांगते, जसं तू साहेबापुढे म्हणालास तसं.

मंठ्याच्या लग्नात तू याडीला भेटलास, तिच्या हातचा घास घेतलास आणि बांची जीप आली तसा उठून गेलास, हे पण तिने सांगितलं. नऊ वर्षांत तेवढीच भेट.

खरं सांगू? कधीकधी वाटतं, पट्ट्या कोऱ्याच निघाव्यात. सगळ्यांच्या दृष्टीने ते सोपं होईल. गाळ निघेल, रानं सुधारतील. फक्त तुझ्या दृष्टीने ते बरं होणार नाही. आणि लगेच मनात येतं, मॅडमना दिलेला शब्द मी मोडते आहे. काही सापडावं असंही वाटून घ्यायचं नाही आणि सापडू नये असंही नाही.

पट्ट्या महिनाअखेरीस काढायच्या आहेत. तोवर वाट पाहायची.

तुझी,
निलम


नांदेड
३० मार्च २०२५, पाडवा

ती. योगेश भियास,
निलमचा जय सेवालाल. नव्या वर्षाचा नमस्कार.

निकाल आला.

पट्ट्या आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी काढल्या. त्या द्रावणात भिजवून त्यांच्यात मुरलेलं बाहेर काढायचं, मग ते यंत्रात सोडायचं. यंत्र एकेका पदार्थाचं शिखर काढून दाखवतं. आधी मी कोरी पट्टी लावली, जी पाण्यात घातलीच नव्हती, नुसती माझ्यासोबत तळ्यावर आली आणि परत गेली. ती स्वच्छ निघाली. मग बाभळीजवळची वरची पट्टी. थोडंसं दिसलं. मधली. जास्त. मग गाळावरची, आणि स्क्रीनवर एकामागून एक शिखरं चढायला लागली. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "परत लाव." मी तीच पट्टी परत लावली, मग दुसऱ्या बांबूची लावली, मग तिसऱ्याची. बाभळीजवळच्या सगळ्या बांबूंचा क्रम तोच. खाली जास्त, वर कमी.

गाळ सोडतो आहे, भिया. इतकी वर्षं झाली, प्लांट उठून गेला, माणसं गेली, आणि तो गाळ अजून वरच्या पाण्यात तेल सोडतो आहे, थेंबही दिसणार नाही इतकं बारीक. चुलीच्या आणि पाचटाच्या धुरातून जे येतं त्याची ठेवण वेगळी असते आणि डिझेल-डांबराची वेगळी. हे डिझेल-डांबराचं आहे, त्यात शंका नाही. पूर्वेच्या टोकाला मात्र जवळजवळ काही नाही. घाण नाल्याच्या तोंडाशी, डाव्या अंगाला आहे. तू सांगितलंस तिथे.

मॅडमनी मला समोर बसवून बजावलं, "आकडा जेवढं सांगतो तेवढंच बोलायचं. कोणाचा आजार यामुळे झाला, असं म्हणायचं नाही, ते आपल्याला माहीत नाही. माहीत नाही हे पण मोठ्याने सांगायचं." प्यायचं पाणी आपण बोअरचं घेतो, ती बोअर तांड्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, तिचं पाणी पण मी तपासलं, त्यात नाही. पण तो गाळ पोकलेनने उकरला तर सगळं तळं ढवळून निघेल, आणि तोच गाळ रानारानात पसरेल.

हे सगळ्यात आधी कोणाला सांगायचं, याचा मला फार विचार पडला नाही. मी घरी गेले आणि बांना सांगितलं.

ते अंगणात खाटेवर होते. मी जमिनीवर काडीने तीन रेघा ओढल्या, एक लहान, एक मोठी, एक खूप मोठी, आणि कुठली रेघ कुठल्या पट्टीची ते सांगितलं. ते बघत राहिले. मग मी म्हणाले, "बा, योगेश भिया खरं बोलत होता."

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. डाव्या हाताने खाटेची दोरी धरली आणि काहीतरी म्हणायची शिकस्त केली, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. आवाज आला पण शब्द आला नाही. मग ते डोळे मिटून बसले आणि त्यांच्या गालावरून पाणी खाली आलं. मला एकच गाल दिसत होता, कारण त्यांनी तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं होतं.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. दोन पत्रं मी तुला लिहिली आणि दोन्हींत हे टाळलं. बा कमी बोलतात, असं लिहिलं. काठी गुडघ्यामुळे, असं लिहिलं. गुडघे याडीचे दुखतात. बांना दसऱ्यानंतर लकवा झाला. उजवी बाजू गेली. हिंगोलीला दवाखान्यात ठेवलं होतं, मग नांदेडला नेलं. पाय बराच सुधारलाय, हात वर होत नाही. शब्द सापडत नाहीत. डोक्यात सगळं नीट आहे, तोंडापर्यंत येत नाही. या होळीला लेंगीची गाणी म्हणायला अख्खा तांडा त्यांच्याभोवती जमला, नेहमी सुरुवात तेच करतात ना, आणि ते नुसते डाव्या हाताने मांडीवर ताल धरत राहिले. पुरुषांनी त्यांच्याशिवाय सुरू केलं.

तुला कळवायची त्यांची मनाई होती. दवाखान्यात असतानाच त्यांनी ते सांगितलं. तुझं नाव घ्यायचे आणि डोकं हलवायचे. याडीला आधी वाटलं, राग अजून गेला नाही. मग बऱ्याच दिवसांनी तुकड्या तुकड्याने कळलं. याडीने मला सांगितलं, "त्यो कीव करून येईल म्हणतात. तसा पोरगा मला नको, असं म्हणून राहिले."

मी मनाई पाळली, कारण ती बांची होती आणि त्यांच्याकडे दुसरं काही राहिलं नव्हतं. पण आज रेघा काढून झाल्यावर वाटलं, मी इतकी मोजमापं करते, आणि तुला निम्मंच सांगते. हे बरोबर नाही. म्हणून सांगितलं. कीव करून येऊ नकोस. पण माहीत असू दे.

पुढच्या आठवड्यात तांड्याची बैठक आहे. गाळाचं तिथेच सांगायचं आहे. पोकलेन ठरलेलं आहे. धर्मसिंगकाकांना मी अजून तोंड दाखवलेलं नाही.

तुझी,
निलम


तांडा
१३ एप्रिल २०२५

ती. योगेश भियास,
निलमचा जय सेवालाल.

बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

सेवालाल महाराजांच्या देवळापुढे सगळे जमले होते. बायाही होत्या. बांना मी आणि याडीने धरून आणलं आणि नाईकाच्या जागेवर बसवलं. मी उभी राहून सांगितलं, पट्टी दाखवली, रेघा दाखवल्या, काय कळलं ते आणि काय कळलं नाही ते पण. बोअरचं पाणी प्या, नाल्याच्या बाजूचा गाळ काढू नका, तळ्यातले मासे तूर्त खाऊ नका, एवढं बोलून मी थांबले. 

मग धर्मसिंगकाका उठले. तराफा चालवताना ज्या हाताने मला सांभाळून उतरवायचे, त्याच हाताचं बोट त्यांनी माझ्यावर रोखलं.

"पोकलेन सोमवारी येऊन राहिलं, अन् तू आता सांगून राहिली? गाळाच्या भरवशावर मी बांध घातले. माझ्या रानात काय हाय, दगूड. तुला माहीत न्हाई?"

"माहीत आहे, काका."

"मंग? त्या टायमाला साहेबानं कागद आणला, त्यात काही न्हाई म्हणे. आज तू कागद आणला, त्यात हाय म्हणते. कोणचा कागद खरा धरावा आमी? आमाला वाचता येत न्हाई म्हणून कायबी वाचून दाखवायचं व्हय?"

भिया, हा प्रश्न मी नांदेडला बसून स्वतःला कितीदा विचारला होता.  मी म्हणाले, "काका, तो कागद खोटा नव्हता. त्यांनी वरचं पाणी बाटलीत भरलं. त्यांच्या यंत्राला एवढं बारीक दिसतच नव्हतं. त्यांनी लिहिलं, आढळलं नाही. आणि आपल्याला ते असं वाचून दाखवलं गेलं, की तेल नाहीच."

 मग काका बांकडे वळले. आवाज चढला होता. "नाईक, तुमी सांगितलं व्हतं सगळं ठीक हाय. तुमच्या शब्दावर आमी बसलो. तुमी बोला. तुमी काहून बसले गप?"

सगळ्यांना ठाऊक आहे की बांना बोलता येत नाही. काकांनाही ठाऊक आहे. बोलून गेल्यावर त्यांच्या तोंडावरच ते दिसलं. पण बांनी काठी टेकली. मी धरायला गेले, त्यांनी मला डाव्या कोपराने बाजूला केलं. उभं राहायला त्यांना फार वेळ लागला आणि त्या वेळात लहान पोरंही हलली नाहीत.

ते म्हणाले, "पोरगा."

मग थांबले. शब्द शोधत होते, ते सगळ्यांना दिसत होतं.

"पोरगा... खरा."

परत थांबले.

"मी... मी... खोटा."

मग त्यांनी डाव्या हाताने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि खाली ठेवलं, तांड्याच्या पुढे, मातीत. नऊ वर्षांपूर्वी याच जागेवर ते तुला जे म्हणाले ते ऐकलेली सगळी माणसं तिथे होती. याडीने पदर तोंडात धरला. मला वाटलं मी जाऊन पागोटं उचलावं.

धर्मसिंगकाकांनी उचललं. त्यांनी ते झटकलं, फुंकर मारली आणि स्वतःच्या हाताने बांच्या डोक्यावर बसवलं, कारण बांना एका हाताने बांधता येत नाही. बसवताना काका रडत होते आणि तरीही रागातच होते. "बसा आता," एवढंच म्हणाले.

ठरलं ते असं. पोकलेन सध्या येणार नाही. नाल्याच्या तोंडाकडच्या गाळाला हात लावायचा नाही, तिथे काटेरी कुंपण घालायचं, मासे धरायचे नाहीत. जिल्ह्याच्या कचेरीत माझा अहवाल आणि तांड्याचा अर्ज जाईल. पूर्वेच्या टोकाचा गाळ मी वेगळा तपासणार, तो चांगला निघाला तर तेवढाच काढायचा. तो सगळ्यांना पुरणार नाही. काका त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. पण काल मी पूर्वेकडचा गाळ भरायला गेले तेव्हा ट्यूबवर फळी बांधून ते उभे होते.  त्यांच्या रानाला या वर्षी गाळ मिळेल की नाही, मला सांगता येत नाही, आणि ही गोष्ट माझ्या जिवाला लागून राहिली आहे. तांड्यात काही जण म्हणतात, पोरीने नसतं उकरून काढलं. तेही खोटं म्हणता येत नाही. न उकरता गाळ कळत नाही, पण कळल्यावर पुढे काय, याचं यंत्र आमच्याकडे नाही.

बैठकीहून घरी आल्यावर याडी म्हणाली, "आता लिही त्याला. बोलव. म्हणावं, बापानं सगळ्यासमोर सांगितलं. आता तरी ये."

बा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "न्हाई."

याडीचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, परत तेच. पण ते हात हलवत होते, थांबा म्हणत होते. आम्ही थांबलो. मग आलं.

"मी... घालवला."

"मी... जाईन."

भिया, येत्या शनिवारी मी त्यांना घेऊन जालन्याला येते आहे. हिंगोलीहून सकाळच्या एसटीने निघू, जिंतूर-मंठ्यावरून. दुपारी कधीतरी पोचू. उद्या जयंतीची सुट्टी आहे, म्हणून हे पत्र परवा सेनगावहून स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे आमच्या आधी पोचेल. हरिचंदलाही सांगितलंय. मी वाटेतून फोन करणार नाही, तू उचलशील की नाही याची धाकधूक बांसमोर मला नको.

तुला भेटायचं नसेल तर त्या दिवशी घरी राहू नकोस. शेजाऱ्याकडे निरोप ठेव, आम्ही चहा पिऊन परतीची गाडी धरू. बांना मी हे सांगितलंय, अगदी याच शब्दांत. त्यांनी मान हलवली. नऊ वर्षं त्यांनी तुला थांबवलं, एक दुपार ते थांबू शकतात.

घरी असलास तर दोन गोष्टी लक्षात ठेव. पायऱ्या चढताना त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहा, पण त्यांनी हात पुढे केल्याशिवाय धरू नकोस. आणि दुसरी. ते शब्द शोधत असले की आपल्याला राहवत नाही, आपण त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. मी सुरुवातीला तसंच करायचे. त्यांना ते अजिबात आवडत नाही. कितीही वेळ लागला तरी थांब.

बैठक झाल्यापासून ते एक वाक्य घोकत आहेत. सकाळी गोठ्यात, म्हशीसमोर, कोणी नाही असं बघून. मी भिंतीआडून ऐकलंय. चार शब्द आहेत, तिसऱ्यावर अडतात. कोणते ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांचे आहेत, आणि तुझ्यासाठी आहेत.

दारात उभा राहा, आणि ऐकून घे. मग तुला जे म्हणायचं ते म्हण, किंवा काहीच म्हणू नकोस.

तुम्हा दोघांचीही,
निलम